मायक्रोटिक हेक्स: नेटवर्किंग शिकायला घ्यावा की नको?

सीसीएनएची परीक्षा द्यायची असेल तर हा राउटर घेऊ नका. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे निम्म्या लोकांचे पैसे वाचतील. सिस्कोच्या परीक्षेला सिस्कोच्याच कमांड लागतात आणि त्यासाठी त्यांचा पॅकेट ट्रेसर हा सिम्युलेटर फुकट मिळतो. पण तुम्ही नोकरीत असाल, प्रिंटरपासून सर्व्हरपर्यंत सगळं एकट्यानं निस्तरत असाल आणि लिनक्स, क्लाउड, नेटवर्किंग हे तीन सुटे कोर्स न करता एकमेकांत गुंतलेलं शिकायचं असेल, तर पुढं वाचा. मायक्रोटिकचा हेक्स, म्हणजे आरबी७५०जीआर३ हे मॉडेल, मला पाच हजारांच्या आसपास पडलं. शिकण्यासाठी मी आजवर जे काही विकत घेतलं, त्यात एवढा वापर दुसऱ्या कशाचाच झाला नाही.

मी बेळगावात एका सहकारी सोसायटीत आयटी बघते. आयटी विभाग म्हणजे मी, माझी खुर्ची आणि मागच्या खोलीतला एक रॅक, ज्यावर पावसाळ्यात शिपाई छत्र्या वाळत घालतात. शाखा खानापुरात आहे, निपाणीत आहे. राहायला खासबागेत, शेजारी अजून माग चालतात, त्यामुळं रात्री व्हिडिओ बघून शिकायचं म्हटलं तर हेडफोन लागतोच. बेंगळूर पाचशे किलोमीटर, पुणं साडेतीनशेच्या आत. घरदार सोडून तीन महिन्यांच्या कोर्सला जाणं होणार नव्हतं. इथल्या एका क्लासच्या डेमोला बसले होते. सगळा वेळ फळ्यावर ओएसआय मॉडेलचे सात थर, आणि टेबलावर एक केबल नाही. फी विचारली, ऐकली, आणि घरी येऊन हा राउटर मागवला.

वस्तू कशी आहे ते थोडक्यात. पांढऱ्या प्लास्टिकची, तळहातावर मावणारी डबी. पाच गिगाबिट पोर्ट, ८८० मेगाहर्ट्झचा दोन कोरचा प्रोसेसर, २५६ एमबी रॅम, १६ एमबी फ्लॅश, एक यूएसबी, एक मायक्रोएसडीची खाच. पंखा नाही, आवाज नाही. वायफायही नाही! खोकं उघडल्यावर सासूबाईंनी पहिला प्रश्न हाच विचारला, "ह्यात मोबाईल चालत नाही? मग घेतलास कशाला?" जुना वायफाय राउटर फेकू नका. त्यातलं डीएचसीपी (घरातल्या उपकरणांना पत्ते वाटायचं काम) बंद करून, केबल त्याच्या लॅन पोर्टात घालून तो नुसता अॅक्सेस पॉइंट म्हणून वापरता येतो. आमच्याकडं तसंच चाललंय.

कंपनी लाटव्हियातली, रीगा शहरातली, १९९६ पासूनची. आपल्याकडं तिचं नाव घरोघरी नसलं तरी तुमच्या गल्लीतल्या केबलवाल्याच्या खोलीत तिचाच एखादा मोठा राउटर असण्याची शक्यता बरीच आहे. आमच्याकडं लाइन बघायला येणाऱ्या पोरानं डबी बघितली आणि हसला.

"अक्का, हे घरात कशाला? आमच्या ऑफिसात हाच हाय की, मोठा."

"शिकायला घेतलाय."

"मग मॅक सोडवून घ्या आधी. जुन्या राउटरचा बांधलाय आमच्याकडं. नायतर डायल व्हायचं नाय."

क्लासमध्ये वीस हजार देऊनही ज्या गोष्टी कानावर पडत नाहीत, त्यातली ही पहिली. पीपीपीओईचं (नाव-पासवर्ड देऊन लाइन जोडायच्या पद्धतीचं) लॉगिन बरोबर असूनही लाइन लागत नाही, कारण पलीकडच्या सर्व्हरनं तुमच्या खात्याला एकच मॅक पत्ता, म्हणजे राउटरचा हार्डवेअर क्रमांक, बांधून ठेवलेला असतो. घरच्या साध्या राउटरवर अशा वेळी फक्त लाल दिवा दिसतो. हेक्समध्ये लॉगला पीपीपीओई आणि डीबग हे दोन विषय लावले की सगळा संवाद अक्षरशः ओळीनं वाचता येतो. आपला राउटर 'कुणी आहे का' म्हणून पाडी पाठवतो, पलीकडून पाडो येतो, मग पाडर, पाडस आणि त्यानंतर नाव-पासवर्डची तपासणी. कुठल्या पायरीवर गाडी थांबली ते दिसतं. पहिल्याच पायरीला उत्तर नसेल तर केबल किंवा व्हीलॅनचा (एकाच तारेवरच्या वेगवेगळ्या नेटवर्कचा) घोळ. शेवटच्या पायरीवर नकार आला तर खात्याचा. ह्या एका लॉगमुळं नंतर ऑफिसात फोनवर "साहेब, तुमच्याकडून पाडो येत नाहीये" असं सांगायला लागले, तेव्हापासून समोरचा माणूस "राउटर रीस्टार्ट करा मॅडम" म्हणायचा थांबला.

सगळ्यात जास्त शिकले ते एमटीयूवर, म्हणजे एका पॅकेटच्या कमाल मापावर. हा विषय पुस्तकात एका परिच्छेदात उरकतात. साध्या इथरनेटवर पॅकेट १५०० बाइटचं, पीपीपीओई मध्ये आलं की त्याचे ८ बाइट जातात, उरले १४९२. त्यातून आयपी आणि टीसीपीचे मिळून ४० वजा केले की १४५२, हा झाला एमएसएस, म्हणजे एका पॅकेटात मावणारा खरा मजकूर. घरातल्या लॅपटॉपला ह्यातलं काही माहीत नसतं. तो आपला १४६० सांगून मोकळा होतो. हेक्सच्या पीपीपी प्रोफाइलमध्ये हा आकडा वाटेत दुरुस्त करायची सोय आपोआप चालू असते. मी ती मुद्दाम बंद केली. एका बाजूला लिनक्स लॅपटॉपवर पॅकेट टिपणारा टीसीपीडम्प लावला, दुसऱ्या बाजूला हेक्सचाच पॅकेट स्निफर लावून त्याचा प्रवाह वायरशार्क ह्या पॅकेट वाचायच्या सॉफ्टवेअरकडं वळवला. बाहेर जाणाऱ्या पहिल्या पॅकेटात १४६० तसाच गेलेला दिसला. मग पिंग चालू, काही साइट चालू, आणि काही साइट पांढरं पान दाखवून नुसत्या फिरत राहिल्या. ज्या सर्व्हरपर्यंत 'पॅकेट मोठं आहे' हा आयसीएमपी (नेटवर्कमधल्या अडचणी कळवणारा) निरोप पोचतो ते स्वतःला सावरतात. ज्यांच्या वाटेत कुणीतरी सुरक्षेच्या नावाखाली आयसीएमपी सरसकट अडवलंय ते अडकून बसतात. सोय परत चालू केली, १४५२ दिसला, पानं उघडली.

निपाणी शाखेत "नेट चालतंय, पण ती एकच साइट उघडत नाही" ही तक्रार कितीतरी दिवस पडून होती. अँटिव्हायरस बदलून झाला होता, ब्राउझर बदलून झाला होता, विंडोज नव्यानं टाकून झालं होतं. कारण हेच निघालं. तिथल्या राउटरवर एक आकडा बदलला आणि काम झालं. मॅनेजरसाहेबांना अजून वाटतंय की मी कुणाला तरी बेंगळूरहून फोन लावला होता.

आता क्लाउडकडं येते. क्लाउड शिकवणारे बहुतेकजण तुम्हाला वेब कन्सोलवर बटणं दाबायला शिकवतात. व्हीपीसी (क्लाउडमधलं आपलं खासगी नेटवर्क) करा, सबनेट (त्याचा एक तुकडा) करा, राउट टेबल (कुठलं पॅकेट कुठं पाठवायचं ती यादी) जोडा, झालं. बटणामागं काय घडतं हे कळायला आपल्या हातातलं एक टोक लागतं, आणि हेक्स ते टोक देतो. राउटरओएस ही हेक्सवर चालणारी मायक्रोटिकची ऑपरेटिंग सिस्टम; तिच्या सातव्या आवृत्तीपासून वायरगार्ड हे व्हीपीएन त्यातच येतं. मी अॅमेझॉनच्या मुंबई रीजनमध्ये एक छोटी उबुंटू मशीन उभी केली आणि खासबागेतल्या घरातून तिच्यापर्यंत वायरगार्डचा बोगदा काढला.

पहिली अडचण अशी की आमच्या केबलवाल्याकडून खरा पब्लिक पत्ता मिळत नाही. हेक्सच्या बाहेरच्या इंटरफेसवर १०० नं सुरू होणारा पत्ता दिसतो, १००.६४.०.०/१० ह्या गटातला. म्हणजे सीजीनॅट, बऱ्याच ग्राहकांत मिळून एकच पब्लिक पत्ता. क्लाउडमधून घराकडं थेट येता येत नाही, म्हणून सुरुवात घराकडूनच व्हावी लागते आणि दर २५ सेकंदांनी एक छोटं पॅकेट पाठवून वाट उघडी ठेवावी लागते. वायरगार्डमध्ये त्यासाठी पर्सिस्टंट कीपअलाइव्ह आहे. इतपत सगळीकडं लिहिलेलं असतं. खरी गंमत दुसरी मशीन उभी केल्यावर येते.

दुसरी मशीन मी प्रायव्हेट सबनेटमध्ये ठेवली, पब्लिक पत्ता न देता. घरून पहिल्या मशीनला पिंग जातो, दुसरीला जात नाही. लिनक्स नीट आलं, पण व्हीपीसी आलं नाही, किंवा व्हीपीसी आलं आणि राउटिंग आलं नाही, तर इथं कपाळाला हात लावून बसावं लागतं. दरवाजे मोजले तर पाच निघतात. हेक्सवर त्या सबनेटचा राउट हातानं घालावा लागतो, कारण लिनक्सवरचं डब्ल्यूजी-क्विक हे वायरगार्ड चालू करायचं साधन तो स्वतःहून घालतं, राउटरओएस घालत नाही. वायरगार्डच्या दोन्ही बाजूंच्या अलाउड पत्त्यांत पलीकडचं नेटवर्क असावं लागतं. पहिल्या मशीनच्या कर्नलमध्ये आयपी फॉरवर्डिंग (दुसऱ्याची पॅकेट पुढं पाठवणं) चालू लागतं. व्हीपीसीच्या राउट टेबलमध्ये घरच्या १९२.१६८.८८.०/२४ साठी त्या मशीनकडं बोट दाखवावं लागतं, आणि दुसऱ्या मशीनच्या सिक्युरिटी ग्रुपला, म्हणजे तिच्या क्लाउडमधल्या फायरवॉलला, घरचा पत्ता मान्य असावा लागतो.

एवढं सगळं करूनही पिंग येत नाही. पहिल्या मशीनवर टीसीपीडम्प लावला की वायरगार्डच्या इंटरफेसवर पॅकेट येताना दिसतं, बाहेरच्या इंटरफेसवरून जातानाही दिसतं, आणि मग ते कुठंच पोचत नाही. अॅमेझॉन प्रत्येक मशीनवर सोर्स-डेस्टिनेशन चेक लावून ठेवतं: जे पॅकेट तुझं नाही आणि तुझ्यासाठीही नाही, ते तू का वाहतोयस? राउटरचं तर कामच परक्याची पॅकेट वाहायचं. तो चेक बंद केला की पिंग येतो. माझ्या मते ही एक संध्याकाळ कुठल्याही क्लाउड कोर्सच्या निम्म्या भागाला भारी आहे, कारण पाचही दरवाजे तुम्ही एकेक करून बंद-उघडे करून बघू शकता आणि प्रत्येक वेळी पॅकेट नेमकं कुठं मरतं ते दोन्ही टोकांवर दिसतं.

इथं पैशाचं बोलायला हवं. १ फेब्रुवारी २०२४ पासून अॅमेझॉन प्रत्येक पब्लिक आयपीव्ही४ पत्त्याला तासाला अर्धा सेंट लावतं, म्हणजे महिनाभर चालू ठेवला तर साडेतीन डॉलरच्या वर. जुलै २०२५ नंतर उघडलेल्या खात्यांना पूर्वीसारखं वर्षभर फुकट मिळत नाही. सुरुवातीला १०० डॉलरची क्रेडिट, काही ठरावीक कामं केली की आणखी १०० पर्यंत, आणि फ्री प्लॅनची मुदत सहा महिने. नॅट गेटवे (आतल्या मशीनना बाहेर जायची वाट देणारी सेवा) तर शिकण्यासाठी उभा करूच नका. तो काही काम करो न करो, तासाचं मीटर पडत राहतं. तेच काम हेक्समध्ये मास्करेड नावाचा एक नियम करतो, आणि कनेक्शनच्या यादीत कुठल्या आतल्या पत्त्याला बाहेर कुठला पोर्ट मिळाला ते समोर दिसतं. बजेटचा अलर्ट मात्र खातं उघडल्याच्या दिवशीच लावा.

सिक्युरिटी ग्रुप आणि नेटवर्क एसीएल (सबनेटच्या दारावरची नियमांची यादी) ह्यांतला फरक मुलाखतीत हमखास विचारतात आणि मुलं पाठ केलेलं उत्तर देतात: एक स्टेटफुल, एक स्टेटलेस. हेक्सवर कोरा फायरवॉल लिहायला घ्या. शेवटचा नियम 'बाकी सगळं अडव' असा ठेवा. बाहेर जाणारी विनंती मोकळी सोडली तरी उत्तर परत येत नाही, कारण उत्तरासाठी वेगळी परवानगी दिलेली नाही. 'एस्टॅब्लिश्ड, रिलेटेड' असा एक नियम वर टाकला की येतं. एसीएलमध्ये असा नियमच नसतो, म्हणून तिथं परतीच्या वाटेचे मोठ्या आकड्यांचे पोर्ट हातानं उघडावे लागतात. हे एकदा हातानं केलं की पाठांतराची गरज राहत नाही.

लिनक्सच्या बाबतीत मात्र अपेक्षा बेतानं ठेवा. राउटरओएस लिनक्स कर्नलवरच उभं आहे, पण आत शेल मिळत नाही. कमांडची भाषा त्यांची स्वतःची. फायरवॉलच्या इनपुट, फॉरवर्ड, आउटपुट ह्या साखळ्या लिनक्सच्या नेटफिल्टर ह्या फायरवॉलच्याच आहेत, त्यामुळं इथं शिकलेलं आयपीटेबल्स आणि एनएफटेबल्सकडं जाताना उपयोगी पडतं. पण युजर, परवानग्या, सिस्टमडी, एलव्हीएम, एसईलिनक्स ह्यातलं काहीही हेक्स शिकवणार नाही. आरएचसीएसए ही रेड हॅटची लिनक्सची, तीन तासांची, पूर्ण हातानं करायची परीक्षा आहे. तिथं नेटवर्क सहसा एनएमसीएलआय ह्या कमांडनं लावतात. त्यासाठी वेगळी मशीन हवीच. रेड हॅट वैयक्तिक डेव्हलपर खात्यावर १६ सिस्टमपर्यंत फुकट देतं, किंवा त्याच्यासारखीच फुकट लिनक्स अल्मा, रॉकी आहेतच. आमच्या सोसायटीत एक सेंटओएस ७ ह्या लिनक्सवरचा सर्व्हर होता, त्याचा आधार ३० जून २०२४ ला संपला, तेव्हा तोच बदलता बदलता माझा सराव झाला. घरी मी जुन्या लॅपटॉपवर अल्मा टाकून तो हेक्सच्या चौथ्या पोर्टात वेगळ्या व्हीलॅनमध्ये ठेवलाय.

व्हीलॅनवरून आठवलं. ब्रिजवर (राउटरचे पोर्ट एकत्र जोडणाऱ्या भागावर) व्हीलॅन फिल्टरिंग चालू करणं म्हणजे स्वतःच्या पायाखालची फळी काढणं; एक खूण चुकली की राउटरच गायब. मायक्रोटिकनं ह्यासाठी दोन सोयी दिल्यात, त्या मला मनापासून आवडतात. एक म्हणजे सेफ मोड: तो चालू असताना तुमचं कनेक्शन तुटलं तर तेवढ्या वेळात केलेले बदल आपोआप मागं घेतले जातात. दुसरी म्हणजे त्यांचं विनबॉक्स हे सॉफ्टवेअर आयपी पत्ता नसला तरी मॅक पत्त्यावरून राउटरला जोडतं. विनबॉक्सची चौथी आवृत्ती लिनक्सवर थेट चालते, आधी वाइनमधून चालवावं लागायचं. तरीही एक पोर्ट ब्रिजच्या बाहेर, फक्त व्यवस्थापनासाठी राखून ठेवा. ह्या डबीला सिरियल कन्सोल नाही, हे लक्षात असू द्या.

विनबॉक्सची मांडणी पहिल्यांदा बघितली की घाबरायला होतं. मेनूत मेनू, त्यात टॅब. मी लवकरच टर्मिनलकडं वळले. एक्सपोर्ट कमांड दिली की सगळी रचना साध्या मजकुरात बाहेर पडते, सातव्या आवृत्तीत पासवर्ड वगळून. तो मजकूर गिट ह्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनात ठेवायचा. 'काल चालत होतं, आज का नाही' ह्या प्रश्नाला दोन फाइलींमधला फरक बघणं हे फार सभ्य उत्तर आहे. पुढं अन्सिबल (अनेक मशीनची रचना एकदम लावायचं साधन) शिकायचं असेल तर राउटरओएससाठी त्याचं कलेक्शन तयार आहे.

त्रासदायक गोष्टी आणखी आहेत. १६ एमबी फ्लॅश म्हणजे जादा पॅकेज टाकायला गेलात की जागेची मारामार. फास्टट्रॅक (पॅकेट जवळच्या वाटेनं सोडायची सोय) चालू असेल तर साध्या क्यूनं, म्हणजे वेगावर मर्यादा घालणाऱ्या नियमानं, वेग अडवता येत नाही, कारण पॅकेट त्या वाटेनं जातच नाहीत. पोराचं यूट्यूब कमी करायचं असेल तर आधी ते बंद करा, मग प्रोसेसरवरचा ताण वाढलेला बघा. पोर्ट एकवर नेटवर्कच्या केबलमधूनच वीज (पीओई) घेता येते पण ती पॅसिव्ह पद्धतीची, ८ ते ३० व्होल्टची. कॅमेऱ्याच्या नेहमीच्या पीओई स्विचकडून ती मिळेल असं धरून चालू नका. कागदपत्रं सगळी इंग्रजीत.

एका गोष्टीत मात्र ह्या डबीनं घरातल्यांची मर्जी जिंकली. जुलैत पाऊस धरला की हेस्कॉमची लाइट कधी जाईल सांगता येत नाही. हेक्स यूएसबीला काही न लावता पाच वॅटच्या आत चालतो आणि बारा व्होल्ट त्याला चालतात, त्यामुळं राउटरसाठी मिळणारा छोटा यूपीएस त्याला पुरतो. प्लगचं माप आणि धन-ऋण बघून घ्या, एवढंच. सासूबाई आता त्याला "लाइट गेल्यावर चालणारं" म्हणतात.

सुरक्षेचं सोडून चालणार नाही. २०१८ मध्ये विनबॉक्समधली एक मोठी फट उघड झाली. कंपनीनं दुरुस्ती एप्रिलमध्येच दिली, पण अपडेट न केलेल्या राउटरांत पुढं कित्येक महिने क्रिप्टो खोदणारे कोड घातले जात होते. २०२१ मधलं मेरिस बॉटनेटही (ताब्यात घेतलेल्या उपकरणांची फौज) मुख्यतः मायक्रोटिकच्याच राउटरांवर उभं होतं. मूळ फायरवॉल बाहेरून येणारं सगळं अडवतो, तो उडवून 'मी माझा लिहीन' म्हणणाऱ्यांनी इंटरनेटची केबल काढून लिहावा. टेलनेट, एफटीपी, साधं एचटीटीपी ह्या सेवा बंद करा, विनबॉक्सचा ८२९१ हा पोर्ट बाहेर उघडा ठेवू नका, बाहेरून यायचंच असेल तर वायरगार्डमधून या.

घ्यायचाच असेल तर आज मी घेतला तो घेऊ नका. २०२४ च्या शेवटी ह्याच नावाचा नवा हेक्स आलाय, ई५०यूजी, एआरएम प्रोसेसर आणि ५१२ एमबी रॅमवाला, किंमत जवळपास तेवढीच. माझ्याकडच्या मॉडेलवर कंटेनर (स्वतंत्र डब्यात बंद केलेले प्रोग्रॅम) चालत नाहीत, त्यावर चालतात. विकत घेताना खोक्यावरचं मॉडेल वाचून घ्या, दुकानदार दोन्हीला हेक्सच म्हणतात. फायबर थेट घालायचं असेल तर हेक्स एस बघा, त्याला एसएफपी ही फायबरची खाच आहे. आणि पैसे खर्चायच्या आधी एक महिना सीएचआर वापरा: हेच राउटरओएस, व्हर्च्युअल मशीनमध्ये, फुकट, फक्त वेग एका एमबीपीएसवर अडवलेला. राउटिंग आणि फायरवॉल शिकायला तेवढा पुरतो. त्यात पीपीपीओईचा लॉग बघताना जर वाटलं की हे खऱ्या लाइनवर बघायला हवं, तर डबी मागवा, आणि केबलवाल्याला आधी फोन करून मॅक सोडवून घ्या.